नदीपलीकडचा धूर

ऑफिसात त्यांना सगळे मेगावॉटबाई म्हणत. अंगानं काटकुळ्या, उंची जेमतेम पाच फूट, आवाज असा की समोरच्या माणसाला "काय म्हणालात?" असं दोनदा विचारावं लागे. अशा बाईला हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण चिकटलं ते चिकटलंच. एकदा शिपाई चुकून तोंडावरच म्हणून गेला आणि जीभ चावून उभा राहिला, तर बाई म्हणाल्या, "असू दे रे. पण आकडा तरी लाव मागे. नुसतं मेगावॉट म्हणजे किती ते कळत नाही."

मी चौदा वर्षं त्यांच्याच खोलीत बसतो आहे. आमची संस्था सरकारला वीज आणि हवा या विषयांवर सल्ला देते. बाई आकडे काढायच्या आणि मी त्यांचा अहवाल करायचा, म्हणजे भाषा नीट करायची, तक्ते लावायचे, पानांना नंबर द्यायचे. त्यांच्या मसुद्यातले ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारायचो म्हणून त्या मला मास्तर म्हणत.

पहिल्या वर्षी मी त्यांना विचारलं होतं की तुम्ही दिवसभर त्या कॉम्प्युटरवर करता तरी काय. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"घरात सात शेगड्या आहेत असं समजा. काही नव्या, काही जुन्या. प्रत्येकीला इंधन वेगळं लागतं, प्रत्येकीचा धूर वेगळा. घरात कधी चार माणसं जेवायला, कधी चाळीस. वर्षातल्या प्रत्येक तासाला कुठली शेगडी पेटवायची, कुठली विझवायची, म्हणजे कुणी उपाशी राहणार नाही आणि इंधन कमीत कमी जळेल, हे मशीनला विचारायचं. हे मॉडेलचं निम्मं काम."

"आणि उरलेलं निम्मं?"

"मग घराचा मालक म्हणतो, धूर दहा वर्षांत पाचव्या हिश्शानं कमी करा. की मशीन पुन्हा सगळं मांडतं आणि सांगतं, ही शेगडी अमुक वर्षी कायमची बंद."

"म्हणजे बंद करण्याचा निर्णय मशीनचा?"

"मशीनला काय कळतंय? आपण जे आकडे भरू त्यावर ते बोलतं," बाई म्हणाल्या. "सगळा खेळ भरण्याचा आहे."

प्रांतात कोळशावर चालणारी वीज केंद्रं सात. त्यातल्या एका केंद्राच्या वसाहतीत बाई लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. वडील तिथेच बॉयलरवर होते. ते गेल्यावर बाईंपेक्षा चार वर्षांनी मोठा असलेला भाऊ तिथेच लागला आणि हळूहळू कंट्रोल रूमपर्यंत चढला. बाईंना गणिताची आवड, म्हणून दादानं त्यांना शहरात शिकायला पाठवलं. स्वतः मात्र तो वसाहतीतच राहिला. बाईंनी लग्न केलं नाही. दर रविवारी सकाळी त्या दादाला फोन करायच्या. सोमवारी ऑफिसात आल्यावर त्यांच्या बोलण्यात वसाहतीतली एखादी तरी बातमी असायचीच. कुणाच्या मुलीला नोकरी लागली, कुठली टाकी फुटली, पुतणीनं केस कापून घेतले.

तो मोठा अभ्यास आमच्याकडे आला तेव्हा दादाचं वय एक्कावन्न होतं आणि नोकरीची सात वर्षं उरली होती. हे मला पाठ आहे, कारण पुढे बाई ते सात वर्षांचं गणित माझ्यासमोर कितीतरी वेळा करायच्या.

अभ्यासासाठी सातही केंद्रांकडून माहिती मागवली. एक युनिट वीज करायला किती कोळसा जळतो, हा त्यातला मुख्य आकडा. सगळ्यांची पत्रकं वेळेवर आली, नीट टाइप केलेली, सहीशिक्क्यासह. बाईंनी ती टेबलावर पसरली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"मास्तर, वीज करणारा पस्तीस वर्षांचा संच आणि सहा वर्षांचा संच, दोन्हींना कोळसा सारखाच लागतो म्हणे."

"असेल बुवा."

"असं नसतं."

त्यांनी तिथल्या तिथे दादाला फोन लावला. दोन्ही हात कागदांवर होते म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"दादा, तुमच्या दोन नंबरच्या संचाला एका युनिटला कोळसा किती लागतो?"

"कागदावरचा सांगू की खरा?"

"खरा."

"आठशे तीस ग्रॅम. उन्हाळ्यात जास्तच. कागदावर सहाशे ऐंशी दाखवतात. का गं?"

"अभ्यासाला हवाय. नोंदवहीची काही पानं मिळतील का?"

पलीकडे यंत्रांचा आवाज मागे पडला, फोन घेऊन तो बाजूला गेला असावा. मग दादा म्हणाला, "बघतो. साहेब लोकांच्या नजरेत येऊ न देता काढायला हवीत. पाठवतो आठवड्यात."

आठवड्यात पानं आली. तीन महिन्यांच्या नोंदी, दादाच्या मोठ्या गोल अक्षरात. बाईंनी बाकीच्या सहा केंद्रांनाही पुन्हा पत्रं लिहिली, नोंदवह्या दाखवा म्हणून. दोघांनी उत्तरच दिलं नाही, चौघांनी तीच पत्रकं पुन्हा पाठवली.

नवा आकडा भरून बाईंनी मॉडेल चालवलं. त्याला चाळीस मिनिटं लागत. त्या चहा घेऊन आल्या, पडद्याकडे पाहिलं आणि कप तसाच हातात धरून उभ्या राहिल्या. मग पुन्हा चालवलं, या वेळी पत्रकातला सहाशे ऐंशीचा आकडा घालून. दोन्ही निकाल छापून माझ्या टेबलावर आणून ठेवले.

कागदावरचा आकडा घेतला, तर दादाचं केंद्र नवव्या वर्षी बंद होत होतं. खरा घेतला, तर दुसऱ्या वर्षी. सातांतलं सगळ्यात पहिलं.

"बाकीचे सहा खोटं बोललेत, त्यामुळे ते स्वच्छ दिसतात," बाई म्हणाल्या. "दादा खरं बोललाय, म्हणून तो आधी जाणार. काय करू, मास्तर?"

मला त्या वेळी फार शहाणपण आल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, "खरं ते लिहा." माझा कुणी भाऊ कुठल्या केंद्रात नव्हता. म्हणायला माझं काय जात होतं?

बाईंनी आठ दिवस घोळ घातला. सहा केंद्रांचे आकडे स्वतः अंदाजानं वाढवून पाहिले, पण त्याला कागदाचा पुरावा नव्हता, संचालकांनी ते लगेच काढायला लावले. दादाचा आकडा परत खाली आणणं एवढंच हातात होतं. एका बोटाचं काम. ते त्यांनी केलं नाही. पण त्याऐवजी त्यांनी चार पानांचं एक प्रकरण लिहिलं आणि माझ्या मते त्यांच्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं.

त्यात दोन गोष्टी होत्या. एक, बंद होणाऱ्या केंद्रातल्या प्रत्येक माणसाला आधी दुसरीकडे घ्या आणि मगच कुलूप लावा. दुसरी गोष्ट नदीपलीकडची. नदीच्या त्या काठाला दुसरा प्रांत. तिथे एक जुनंपुराणं केंद्र अर्ध्या ताकदीनं चालत होतं, आणि तिथली वीज आपल्याकडे आणायला नवी वाहिनी टाकणं चालू होतं. बाईंनी मॉडेलची हद्द नदीपार नेऊन एकदा चालवून पाहिलं. दिसलं ते असं, की आपण इकडे बंद केलं की तिकडचं केंद्र पूर्ण ताकदीनं पेटणार, आणि त्याचा धूर आपल्यापेक्षा जास्त. म्हणून बाहेरून घ्यायच्या विजेलाही धुराची अट लावा, असं त्यांनी लिहिलं. नाहीतर या सगळ्याला काही अर्थ नाही, हे वाक्यही होतं. मी ते "अपेक्षित परिणाम साधणार नाही" असं केलं.

"दादाला सांगितलंत का?" मी विचारलं.

"सांगते. ही चार पानं मंजूर झाली की सांगते. म्हणजे त्याला एकदम सगळं सांगता येईल, की केंद्र जातंय, पण तू जात नाहीस."

मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाल्या, येत्या रविवारी. मग पुढच्या. मग मी विचारणं सोडलं.

संचालक गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं, चहा मागवला, अहवालाची तोंडभरून स्तुती केली आणि म्हणाले, "फक्त ते सातवं प्रकरण काढू या."

"का, साहेब?"

"कामगारांचा विषय कामगार खात्याचा. आणि आपलं मॉडेल नदीपर्यंत आहे, बाई. पलीकडचा धूर आपला नाही."

"वारा तिकडूनच येतो, साहेब. वर्षातले सात महिने."

"वाऱ्याचा अभ्यास दुसऱ्या संस्थेकडे दिलाय," ते शांतपणे म्हणाले. "आपण त्यांच्या कामात कशाला लुडबुड करायची?"

बाई म्हणाल्या, मग मी सही करणार नाही. संचालक म्हणाले, जशी तुमची इच्छा. पण मग वर्षभराचं काम कपाटात जाईल आणि सातही केंद्रं आहेत तशीच धूर ओकत राहतील, हे तुम्हाला चालेल का? बाई दोन दिवस ऑफिसला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, सही केली आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.

प्रकरण मी काढलं. मंगळवार होता. साडेअकरापर्यंत चार पानं काढून, आठव्या प्रकरणाला सातवा नंबर देऊन, अनुक्रमणिका जुळवून मी मोकळा झालो. कुठे काही कमी आहे असं कुणालाही वाटलं नसतं. मला माझ्या कामाचा तेव्हा थोडा अभिमानही वाटला, हे इथे सांगून टाकतो.

अहवाल जाहीर झाल्यावर प्रत्येक केंद्राच्या ठिकाणी लोकांपुढे तो मांडायचा, असा नियम होता. दादाच्या केंद्रात ते काम बाईंवर आलं. मी प्रतींची खोकी घेऊन सोबत गेलो. केंद्राच्या सभागृहात पत्र्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि सगळ्या भरल्या होत्या. कितीतरी जणांनी बाईंना फ्रॉकमध्ये पाहिलेलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी कौतुकानं शेजारणीला सांगत होती, ही आपल्या बॉयलरवाल्यांची धाकटी.

बाईंनी पंचवीस मिनिटांत सांगायचं ते सांगितलं. त्यांचा आवाज माईकवरही लहानच वाटत होता. तक्ता पडद्यावर आला तसा एक वेल्डर उभा राहिला. कामगारांच्या वतीनं तोच बोलायचा.

"बाकी सहा केंद्रांचे आकडे छापील पत्रकातले आहेत. ते आम्ही तपासलेत. आमचाच आकडा वेगळा कसा? आठशे तीस हे कुठल्या पत्रकात आहे?"

मुख्य अभियंता लगेच उठले. "आमच्या कार्यालयातून असा आकडा गेलेला नाही."

"आकडा खरा आहे," बाई म्हणाल्या.

"खरा आहे ते आम्हालाही ठाऊक आहे, बाई," वेल्डर म्हणाला. "आम्हीच कोळसा टाकतो. आला कुठून, ते सांगा."

मागे कुणीतरी हसलं. बाईंनी माईकची दांडी धरली. "तो मी…" असं त्या म्हणाल्या आणि थांबल्या. काहीतरी जुळवून सांगणार होत्या, हे मला कळलं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला अशा वेळी शब्द सापडत नाहीत.

पाचव्या रांगेतून एक उंच, पुढे टक्कल पडलेला माणूस उठला. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण आवाजावरून ओळखलं.

"मी दिला," दादा म्हणाला. "बहिणीनं विचारलं, मी दिला." आणि खाली बसला.

त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं उठून गेली नाहीत. पण त्यांनी खुर्च्या सरकवल्या. इंच-दोन इंच असतील. बाईंनी ते पाहिलं.

सभा संपल्यावर सायकल स्टँडजवळ दोघं भेटली. मी खोकी घेऊन चार पावलांवर उभा होतो, जावं की थांबावं कळत नव्हतं.

"कधी कळलं तुला?" दादानं विचारलं.

"काय?"

"आमचं पहिलं जाणार ते."

"अकरा महिने झाले."

"अकरा महिने." त्यानं मान हलवली. "दर रविवारी फोन करतेस. टाकीचं विचारतेस, पोरीच्या परीक्षेचं विचारतेस. अकरा महिन्यांत एकाही रविवारी तुझ्या जिभेवर आलं नाही?"

"दादा, त्यात चार पानं होती. तुम्हाला सगळ्यांना दुसरीकडे घ्यायची. मी वाट बघत होते…"

"आज दाखवलंस त्यात तर नव्हती."

"काढली त्यांनी."

"आणि तू सही केलीस."

बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मला खोटं सांगता आलं असतं," दादा म्हणाला. "बाकीचे सांगतातच की. मला वाटलं, बहीण विचारतेय. विचारत होतं तुझं मशीन." सायकल काढता काढता त्यानं वळून पाहिलं. आवाज चढवला नाही. "फोन करू नकोस आता. मला घ्यायला जमणार नाही, आणि वाजत राहिला की बरं वाटत नाही."

परतीच्या प्रवासात बाई रडल्या नाहीत. अहवालाची एक प्रत मांडीवर घेऊन त्या तक्त्यांची बेरीज तपासत होत्या, पेन्सिलनं, एकामागून एक.

दादावर नोंदवही बाहेर दिल्याचा ठपका आला. कंट्रोल रूममधून काढून त्याला कोळशाच्या यार्डात टाकलं. तिथे त्याच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. केंद्र जाणार हा राग काढायला समोर एक माणूस सापडला होता. दीड वर्षात केंद्राला कुलूप लागलं. तरण्या लोकांना इतर केंद्रांनी घेतलं. त्रेपन्न वर्षांच्या, ठपका असलेल्या माणसाला कुणी घेतलं नाही. शेवटी नदीपलीकडच्या केंद्रातल्या एका कंत्राटदारानं घेतलं. तिथले संच दादाच्या संचांहूनही जुने, आणि असली धूडं हाताळणारी माणसं आता मिळत नाहीत. तो तिकडेच एका खोलीत राहू लागला, पंधरवड्यानं एकदा घरी यायचा. आणि ते केंद्र आता पूर्ण ताकदीनं चालत होतं, कारण नवी वाहिनी सुरू झाली होती.

त्याच वर्षी आमच्या अहवालाला बक्षीस मिळालं. प्रांताचा धूर शेकडा अठरानं कमी झाला होता. संचालक भाषणात म्हणाले, हे यश आमच्या एका अबोल सहकारी भगिनीचं आहे. बाईंना व्यासपीठावर जावं लागलं. त्यांना बढती मिळाली आणि स्वतंत्र खोली मिळाली. ती त्यांनी नाकारली, माझ्याच खोलीत राहिल्या.

पुढचे सहा महिने बाई आपलं काम उरकून, उरलेल्या वेळात दोन्ही प्रांतांचे विजेचे आकडे गोळा करत होत्या. नदीच्या दोन्ही बाजूंचा धूर त्यांनी एकत्र मोजला. तो कमी झाला नव्हता. शेकडा चारनं वाढला होता. त्यांनी सहा पानांचं टिपण लिहून संचालकांकडे दिलं. ते चाळून म्हणाले, "सुंदर आहे. पण हे मागितलंय कुणी?"

मग बाईंनी ते स्वतःच्या नावानं मंत्रालयात पाठवलं. दोन महिन्यांनी मंत्रालयानं ते योग्य त्या उत्तरासाठी संबंधित संस्थेकडे धाडलं. संबंधित संस्था म्हणजे आम्ही. टिपण आमच्याच आवक नोंदवहीतून आमच्याच खोलीत आलं आणि उत्तराचा मसुदा करायला माझ्या टेबलावर पडलं. "आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. कळावे." मी टाइप केलं, साहेबांची सही आणली आणि टेबलावरून हात लांब करून बाईंना दिलं. त्यांनी पोच म्हणून सही केली.

त्या दिवशी मी न राहवून विचारलं, "बाई, त्या चार पानांचा माझ्यावर राग आहे का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "राग यावा असं तुम्ही काही केलं नाहीत, मास्तर. तुम्ही फक्त पानांचे नंबर नीट लावलेत."

त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

बाई अजून नोकरीत आहेत. नोकरी सोडून द्यायला मागे काही आधार लागतो, तो त्यांना नाही. महिन्या-दोन महिन्यांनी, दादा तिकडे असेल असा दिवस बघून, त्या वसाहतीत वहिनींकडे जाऊन येतात. निम्म्या घरांना कुलपं आहेत. दुपारी दोन तास वीज जाते. मागच्या वेळी गेल्या तेव्हा वहिनी ओल्या फडक्यानं खिडकीची फळी पुसत होत्या. फडकं काळं झालेलं पाहून बाईंनी विचारलं, "अजून राख येते?"

"येते की. आधी घरची असायची, आता पलीकडची," वहिनी म्हणाल्या आणि फडकं पिळलं. चहा झाला, पुतणीच्या नोकरीचं बोलणं झालं. निघताना वहिनी दारात म्हणाल्या, "तुम्ही येता ते मी ह्यांना सांगत नाही."

"सांगितलंत तरी चालेल."

"नाही चालायचं. एकदा सांगितलं होतं मी. दोन दिवस जेवले नाहीत."

बाईंनी मान डोलावली, पिशवी उचलली आणि चारची बस धरली. सोमवारी मी विचारलं, काय म्हणतंय घर? त्या म्हणाल्या, ठीक आहे सगळं, आणि मॉडेल चालू केलं. नवा अभ्यास आलाय, पुढच्या दहा वर्षांचा. हद्द नदीपर्यंतच आहे.